ऐन वेळेला पोटरीत वांब येतो, बायकोला कसं सांगू?

सोनाका_तासगाव

वय ४४. तासगाव तालुक्यात पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. लग्नाला १९ वर्षं झाली. मित्राला विचारावं तर विषय गावभर होईल, डॉक्टरांपुढं बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून इथं सगळं लिहितोय.

छाटणी १२ ऑक्टोबरला झाली. तेव्हापासून एक दिवस मोकळा नाही. डोळ्यांना पेस्ट लावून झाली, नको असलेल्या फेलफुटी काढल्या, फवारण्या चालूच, आता घडातल्या मण्यांची विरळणी. दिवसभर मान वर, हात वर. नोव्हेंबरात एका रात्री आम्ही दोघं एकत्र होतो. अगदी शेवटाला आलेलं, आणि उजव्या पोटरीत असा वांब आला की मी मोठ्यानं ओरडलो. पोटरी दगडासारखी, मधोमध गोळा वर आलेला, पाऊल खाली वळून आखडलेलं. हिला वाटलं माझ्या छातीत कळ आली. घाबरून उठली, लाइट लावली. शेजारच्या खोलीत आई झोपते. ती दाराबाहेरून विचारायला लागली, काय झालं रे, काय चावलं का? मी आतूनच म्हणालो, वांब आलाय, झोप तू. गोळा दोन-तीन मिनिटांत उतरला. पण सकाळी आईसमोर चहाला बसवेना.

दुसऱ्यांदा आठ दिवसांनी. या वेळी ओरडायचं नाही म्हणून दात आवळले. सगळं अंग ताठ झालं, तिला बाजूला सारलं आणि भिंतीकडं तोंड करून पाय धरून बसलो. का ते सांगितलं नाही. ती बराच वेळ तशीच पडून होती, मग कूस बदलली. तिसऱ्यांदा तर सुरुवातीलाच आला, डाव्या पायात.

तेव्हापासून मी टाळतोय. आमच्याकडं शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायच्या निमित्तानं विहिरीवर जातो, आणि मोटर चालू झाली तरी तिथंच शेडात बसून राहतो. ती झोपली असेल अशा बेतानं घरी येतो. परवा ती जागी होती. एवढंच म्हणाली, "माझं काही चुकतंय का?" मी म्हणालो, नाही, कामाचा शीण आहे. ती पुढं काही बोलली नाही. ते तिचं गप्प होणं माझ्या डोक्यातून जात नाही.

हे वयामुळं आहे का? शिरांचं काही आहे का? ऐन वेळी आला तर काय करायचं? आणि तिला सांगायचं कसं? इतकी वर्षं संसार केला, पण या गोष्टीवर आम्ही दिवसाउजेडी कधी एक वाक्य बोललेलो नाही.

घाटवाट_सातारा

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, पण वांबाचं आहे. मी साताऱ्यात राहतो, दरवर्षी हिल हाफ मॅरेथॉनला उतरतो. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. उतारावर शेवटच्या चार-पाच किलोमीटरला रस्त्याकडेला माणसं पोटरी धरून बसलेली दिसतात. बहुतेक जण गोळा चोळत असतात. चोळून तो लवकर सुटत नाही. गुडघा सरळ करायचा आणि पायाची बोटं हातानं आपल्या नडगीकडं ओढायची. हात पोचत नसेल तर उभं राहून टाच जमिनीला टेकवायची आणि भार त्या पायावर घ्यायचा. पहिले पाच सेकंद जीव जातो असं वाटतं, पण सोडायचं नाही. मग उतरतो.

रोज ओआरएस आणि दोन केळी सुरू करा. माझं त्यावर निभावतं.

फिजिओ_मिरज

सोनाका दादा, मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, १७ वर्षं झाली. सगळ्यात आधी हे सांगते, की ही तक्रार आमच्याकडं येते. फक्त थेट येत नाही. माणूस म्हणतो, "रात्री झोपेत पायात गोळे येतात." दोन-तीन वेळा येऊन गेल्यावर, जाता जाता, दाराशी उभं राहून म्हणतो, "मॅडम, तसा झोपेत नसतो, जागेपणीच असतो." बायकाही येतात. त्या तर आणखी उशिरा बोलतात.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. पोटरीचा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेला जाऊन मिळतो. गुडघा वाकलेला आणि पाऊल खाली ताणलेलं असलं की तो आखूड होतो. आधीच आखूड झालेला स्नायू आणखी जोरात आवळला की तो तसाच अडकतो, सुटायचा निरोप त्याला मिळत नाही. तोच वांब. आता शरीरसंबंधाच्या वेळी पाय कसे असतात ते आठवा. गुडघे वाकलेले, पायाची बोटं गादीत रोवलेली, सगळा जोर चवड्यावर. आणि शेवटच्या क्षणी तर बाईचं असो की पुरुषाचं, पाऊल आपोआप ताणलं जातं आणि बोटं आवळली जातात. ते कुणी ठरवून करत नाही. म्हणजे दिवसभर दमलेल्या पोटरीला वांब यायला याच्याइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. यात तुमचा कमकुवतपणा नाही आणि वहिनींचा काही दोष असण्याचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली. मान वर, हात वर. तुमची उंची किती? मांडव केवढा उंच? दिवसभर चवड्यावर उभं राहता का? द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडं मान आणि खांदा धरून पुष्कळ लोक येतात, पण पोटरीचं कुणी सांगत नाही. आठ तास चवड्यावर म्हणजे आठ तास पोटरी आखूडच.

ऐन वेळी आला तर घाटवाट म्हणतात ते बरोबर आहे. त्यात थोडी भर घालते. तुम्ही एकटे नसता, त्यामुळं स्वतः वाकून बोटं ओढायची गरज नाही. तुम्ही उताणे पडा, गुडघा सरळ ठेवा. वहिनींनी एका हातानं टाच धरायची, दुसरा तळवा तुमच्या चवड्याला लावायचा आणि पाऊल हळूहळू तुमच्या डोक्याच्या दिशेनं दाबायचं. झटका द्यायचा नाही. तीस ते चाळीस सेकंद धरून ठेवायचं. सुटला असं वाटल्यावर लगेच सोडलं तर तो परत येतो, म्हणून पूर्ण आकडे मोजायचे. मांडीच्या मागच्या बाजूला आला तर गुडघा सरळ करून अख्खा पाय वर उचलायचा. मांडीच्या पुढं आला तर उलटं, गुडघा वाकवून टाच कुल्ल्याकडं न्यायची. तळपायात आला तर अंगठा वर ओढायचा. नंतर कोमट पाण्याची पिशवी ठेवा. एक-दोन दिवस पोटरी ठणकेल, ते चालतं.

आधी करायचं ते असं. झोपायच्या आधी भिंतीसमोर उभं राहा, दोन्ही तळवे भिंतीला, एक पाय मागं, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, आणि पुढं झुका. पोटरीत ओढ जाणवली पाहिजे, दुखता कामा नये. अर्धा मिनिट, प्रत्येक पायाला तीन वेळा. दुपारी बागेत एकदा, रात्री एकदा. थंडीत गोधडी पायाकडं गादीखाली घट्ट खोचलेली असेल तर काढा, तिच्या भारानं पाऊल खाली दबून राहतं. आणि संबंधाच्या वेळी चवड्यावर जोर येणार नाही असं बघा. कुशीवर असलात तर पायावर काहीच भार येत नाही. किंवा तुम्ही उताणे राहा, पाय सरळ, टाचा टेकलेल्या. पलंगाला पायाकडं फळी असेल तर तिला तळवे टेकवून ठेवा. पाऊल काटकोनात राहिलं की वांबाला जागा मिळत नाही.

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. कुठली गोळी चालू आहे का? बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, दमा, काहीही?

सोनाका_तासगाव

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, दोनदा वाचलं. उंची सव्वापाच फूट. मांडव वडिलांनी त्यांच्या उंचीनं बांधलेला, ते सहा फुटाच्या जवळ होते. वरच्या काडीला हात घालताना मी चवड्यावरच असतो, हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

गोळी आहे. गणपतीच्या आधी बीपी निघालं. पाकिटावर टेलमिसार्टन आणि क्लोरथालिडोन असं लिहिलंय. सकाळी एक.

फिजिओ_मिरज

यातलं दुसरं औषध लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतं. बीपीसाठी ते चांगलं औषध आहे, लाखो लोक घेतात. पण त्यानं काही जणांचं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होतं आणि मग स्नायू आवळायला निमित्तच शोधत असतात. तुमची गोळी सुरू झाली गणपतीच्या आधी, छाटणी ऑक्टोबरात, वांब नोव्हेंबरात. दोन्ही एकावर एक आलेलं दिसतंय. गोळी स्वतःहून बंद करू नका, हे हात जोडून सांगते. डॉक्टरांना म्हणा, पायात वांब येतात, रक्तातले क्षार आणि किडनी तपासायची आहे. वांब कधी येतात हे सांगायची जबरदस्ती नाही, तेवढं वाक्य पुरतं. थायरॉइड आणि शुगरही त्याच रक्तात होऊन जाईल.

आणि ओआरएसचं जरा थांबा. घाटवाट दोन-अडीच तास घाम गाळतात, त्यांचं वेगळं. त्यात मीठ असतं, बीपीच्या माणसानं ते रोज उगीच पिऊ नये. बागेत साधं पाणी मात्र भरपूर प्या. केळं खा, पण गोळीमुळं पोटॅशियम उतरलं असेल तर केळ्यावर भागत नाही.

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हाताला गरम लागली आणि दुखणं थांबेना, तर तो वांब नव्हे. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथं चोळायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तवाहिनीचं किंवा मणक्याचं बघावं लागतं. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही.

बेदाणा_सावळज

माझ्या चुलत्यांना कुणीतरी क्विनाइनची गोळी दिली होती, वांब बंद झालेले. ती मिळते का बघा. नाहीतर मॅग्नेशियम घ्या, सगळे घेतात.

फिजिओ_मिरज

क्विनाइन नको. वांब कमी होतात हे खरं, पण रक्तातल्या प्लेटलेट घसरणं, हृदयाची लय बिघडणं असे जिवावरचे प्रकार तिनं झालेले आहेत. अमेरिकेच्या औषध खात्यानं वांबासाठी ती वापरू नका असा इशारा देऊन बरीच वर्षं झाली. पायातल्या वांबासाठी जिवाची जोखीम कशाला? मॅग्नेशियमचं म्हणाल तर २०२० मध्ये कॉक्रेन नावाच्या संशोधन संस्थेच्या आढाव्यात सगळे प्रयोग एकत्र तपासले, त्यात वयस्क लोकांच्या वांबावर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. रक्तात कमी निघालं तर डॉक्टर देतीलच.

कृष्णाकाठ_काकू

मी सातारा जिल्ह्यातली, वय ५८. भाऊ, तुमच्या पायाचं ताईंनी सांगितलंय. मी तुमच्या बायकोच्या बाजूनं लिहिते, कारण त्या जागी मी होते.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं. सातारा-बोरिवली गाडी. क्लच दाबून दाबून डावा पाय असा झालेला की अंथरुणात पाय लांब केला तरी पेटका यायचा. त्यांनी मला कधी सांगितलं नाही. हळूहळू जवळ यायचे बंद झाले. मी ५० ची होते, पाळी जात आलेली, केस पिकलेले, अंग सुटलेलं. मी माझ्या मनानं सगळं जुळवून घेतलं, की आता यांना मी नको झाले. सव्वा वर्ष. सव्वा वर्ष मी त्याच खोलीत, तीन फुटांवर, असं समजून झोपत होते. मुंबईच्या मुक्कामाबद्दलही नको नको ते मनात आणलं. एका रात्री ते न्हाणीघरात जायला उठले आणि दारात पेटका येऊन पडले, तेव्हा रडत सांगितलं. वेदनेनं रडत होते की कशानं ते मी विचारलं नाही.

तुमची बायको "माझं काही चुकतंय का" म्हणाली ना? ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं. तिनं दार उघडलं आणि तुम्ही शीण म्हणून लोटून घेतलंत. आज उघडा. तुम्हाला समोर बसून बोलता येणार नाही, पुरुषांना येत नाही, मला माहीत आहे. मग काम करताना बोला. पाठमोरं बोला. पण तिला कळलं पाहिजे की तिच्यात काही उणं नाही. वांब नंतर बरा होईल नाहीतर न होईल.

आम्ही एक शब्द ठरवला होता. "पाय." बास. ते पाय म्हणाले की मी उठून टाच धरायची. आमची गादी खाली असायची, तिथून उठून उभं राहीपर्यंत उशीर होतो, म्हणून गादी भिंतीला लावून घेतली. मी धरेपर्यंत ते तळवा भिंतीला लावायचे. पुढं त्यांना शुगर निघाली, पायाच्या नसांवर परिणाम झालेला, त्याचं औषध सुरू झाल्यावर पेटके बरेच कमी झाले. पण तो शब्द राहिला. तेवढं झाल्यावर कधी आम्ही परत सुरुवात केली, कधी नाही केली, तसेच बोलत पडलो. त्या बोलण्यात मला त्यांच्या लहानपणाच्या गोष्टी कळल्या, ज्या लग्नाला ३० वर्षं होऊनही कळल्या नव्हत्या.

सोनाका_तासगाव

चौदा दिवसांनी लिहितोय. मध्ये दुसरं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम होतं.

काकू, तुमचं वाचलं त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी विरळणी चालू होती. मजुरीच्या बायका वरच्या तुकड्यात होत्या, खाली आम्ही दोघंच. ती पलीकडच्या ओळीत, मध्ये वेलाचा पाला. तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त कात्रीचा आवाज येत होता. मी म्हणालो, तुला त्या दिवशी खोटं बोललो. कात्री थांबली. मग सगळं सांगितलं, विहिरीवर बसायचो तेही सांगितलं. ती काही बोलेना. मी पाला बाजूला करून बघितलं तर पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "एवढंच होतं? मी देवाला काय काय बोलून बसले." मग थोड्या वेळानं म्हणाली, "टाच कशी धरायची म्हणाल्या त्या ताई?" तिथंच बांधावर बसून मी तिला दाखवलं.

रक्त तपासलं. पोटॅशियम ३.१ निघालं, ३.५ च्या वर पाहिजे म्हणाले. शुगर, थायरॉइड, किडनी ठीक. डॉक्टरांनी गोळी बदलली, दहा दिवसांचं पोटॅशियमचं औषध दिलं, परत तपासायला बोलावलंय. मी त्यांना ताईंनी सांगितलेलं वाक्य म्हणालो. त्यांनी गोळी लिहिता लिहिता विचारलं, रात्रीच येतात का? मी हो म्हणालो, आणि कसं कोण जाणे, कधी येतात तेही सांगून टाकलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, होतं असं, पोटॅशियम भरून येऊ दे.

बागेत आता क्रेट पालथं घालून त्यावर उभा राहतो. टाच पूर्ण टेकते. ओळीत पुढं सरकताना क्रेट पायानं ढकलत न्यायला लागतं, थोडा वेळ जातो, पण संध्याकाळी पोटरीला हात लावला तर मऊ असते. आधी ती तशी नसायची हे आता कळतंय. ते भिंतीचं ताणणं दुपारी मांडवाच्या अँगलला हात लावून करतो. ही पण करते, तिचेही पाय भरून यायचे म्हणे. तेही मला माहीत नव्हतं.

वांब मध्ये एकदा आला. रविवारी. मी नुसतं "पाय" म्हणालो. ती उठली, टाच धरली, चवडा दाबला आणि हळू आवाजात आकडे मोजायला लागली. वीसला सुटला होता, पण तिनं चाळीसपर्यंत मोजलं. आई उठली नाही.

काकू, तुमचा शब्द आम्ही घेतला, विचारलं नाही, राग मानू नका. ताई, तुम्ही गोळीचं विचारलं नसतं तर मी अजून वयाला दोष देत बसलो असतो.

या आठवड्यात लाइट रात्री बाराला येते. मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून तिला ऑटो बसवून घेतलाय.